तुम्ही विचारलंत म्हणून: बारीक माणसालाही बीपी असतंच ना, मग माझ्याच वजनाच्या मागे का?

दंडाला पट्टा बांधत असते तेव्हाच हा प्रश्न हमखास येतो. सिस्टर, आमच्या ऑफिसात एक जण नुसता काडी आहे त्याला बीपीची गोळी चालू, आणि शेजारचे एवढे जाड त्यांचं एकदम नॉर्मल, मग डॉक्टर मलाच का सारखं वजन कमी करा म्हणतात?

दोन्ही उदाहरणं खरी आहेत. वय, आईवडिलांकडून आलेलं, मीठ, किडनी, दारू, कारणं बरीच असतात, म्हणून बारीक माणूस सुटतोच असं नाही. पण अमेरिकेत फ्रेमिंगहॅम नावाच्या गावातल्या लोकांचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे, त्यातून असा अंदाज निघाला की पुरुषांमधल्या बीपीचा ७८ टक्के आणि बायकांमधल्या ६५ टक्के भाग जास्तीच्या वजनाशी जोडता येतो. एवढं मोठं आणि तरीही आपल्याला हलवता येईल असं दुसरं कारण मला तरी माहीत नाही.

आणि खरा त्रास देते ती पोटातली चरबी, आतड्यांभोवतीची, किडनीभोवतीची. ती नुसती पडून नसते. ती किडनीवर दाब आणते, रक्तवाहिन्या आवळणाऱ्या हार्मोनचा कच्चा माल तयार करते, इन्सुलिनचं काम बिघडवते, मग किडनी मीठ आणि पाणी बाहेर सोडायच्या ऐवजी धरून ठेवते आणि बीपी चढतं. म्हणून हातपाय बारीक पण पोट सुटलेलं असेल तर वजनकाट्यावर विसंबू नका. टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे धरा, श्वास सोडून मोजा, पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० च्या वर गेलं की लक्ष द्यायचं.

शहरात हे पोट आळसामुळे सुटतं असं जे सरसकट बोललं जातं ना, त्याचा मला खरंच राग येतो. प्रवासात बसून, कामावर बसून, चालायला मोकळी जागा नाही, पाकिटातलं खाणं ज्यात मीठ किती ते चवीवरून कळतच नाही, आणि झोप अर्धवट. झोपेचं तर कुणी विचारतच नाही! वजन वाढलं की घशाची वाट अरुंद होते, घोरता घोरता श्वास मधेच अडकतो, रात्री जे बीपी खाली यायला हवं ते येत नाही. सकाळी डोकं जड, दिवसा पेंग, आणि गोळ्या घेऊनही बीपी हटत नसेल तर डॉक्टरांना घोरण्याबद्दल आवर्जून सांगा.

अजून एक, पट्ट्याचं. दंड जाड असेल आणि नेहमीचा पट्टा लावला तर हवा भरताना वेलक्रो करकरत सुटायला लागतं, आणि सुटलं नाही तरी आकडा खोटा जास्त येतो, फार जाड दंडाला तर वरचा आकडा जवळजवळ २० नेसुद्धा. मोठा पट्टा मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीला, आणि मग मोजा. तरीही वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा वर येत असेल तर ते बीपीच, डोकं दुखत नसलं तरी.

वजन किती उतरवायचं? साधारण एक किलोला वरचा आकडा एकाने उतरतो असं धरा, कुणाचा जास्त कुणाचा कमी. म्हणजे पाच किलो गेले तरी फरक दिसतो, पूर्ण सडपातळ व्हायची वाट बघायला नको. गोळी सुटेल का हे लगेच पुढे विचारतात. काहींची कमी होते, काहींची सुटतेही, पण ती डॉक्टर ठरवतील, चार दिवस आकडा बरा आला म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका.