रिसालदार मेला का नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हा प्रश्न मी हसून टाळतो.

सांगलीत वाचनालयाचा कार्यक्रम असो, तासगावातल्या एखाद्या शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर आमच्या कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टरवरून उडी मारून कुणी समोर उभा राहिलेला असो, विचारायचं एकच असतं. "शेवटी त्या रिसालदाराला मारला का नाही?" एक आजोबा तर कादंबरी हातात घेऊन घरी आले होते. म्हणाले, "चारशे पानं वाट बघितली हो मी. आणि तुम्ही त्याला खुशाल नदी ओलांडू दिलीत." चहा घेतला, पण पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेले. बायका जरा वेगळं विचारतात. "तुम्हाला तो आवडतो ना?" हे जास्त अडचणीचं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यापुरतं सांगतो. १७९९च्या सप्टेंबरात पट्टणकुडीला कोल्हापूरकरांच्या फौजेशी लढताना पेशव्यांचे सरदार परशुरामभाऊ पटवर्धन पडले. त्यानंतर दोनेक वर्षांत चिंतामणराव पटवर्धन मिरजेतून वेगळे होऊन सांगलीला आले. माझी गोष्ट या मधल्या अंदाधुंदीतली. धनी कोण याचा पत्ता नाही, पगार तुंबलेला, आणि कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात घोडी घेऊन हिंडणारे रिकामे स्वार. त्यातला एक कोवळा शिलेदार माझा नायक. तो फिका आहे असं सगळेच म्हणतात, ते खरं आहे, सोडून द्या. आणि त्या स्वारांना गोळा करणारा एक रिसालदार, म्हणजे घोडदळाच्या तुकडीचा म्होरक्या. तो सगळा माझ्या डोक्यातला, बखरीत शोधायला जाऊ नका.

हा माणूस ओरडत नाही. इतक्या हळू बोलतो की स्वाराला घोडं त्याच्या घोड्याला भिडवावं लागतं. भिडवलं की तो पहिल्यांदा घोड्याच्या मानेवर हात ठेवतो, मग स्वाराकडे बघतो.

त्याची ताकद कशात आहे हे कळायला त्या काळच्या लष्कराचा हिशोब थोडा माहीत पाहिजे. घोडं स्वतःचं असेल तो शिलेदार, धन्याच्या पागेतल्या घोड्यावर बसेल तो बारगीर. आपल्याकडे ज्याची स्वतःची जीप असते तो आणि दुसऱ्याची जीप चालवणारा, यांच्यात जेवढा फरक, तेवढाच. शिलेदाराचं घोडं लढाईत पडलं की नुकसान बहुतेक वेळा त्याचंच. नवं घोडं घ्यायचं तर सावकार. नाही जमलं तर दुसऱ्याचा बारगीर व्हायचं, म्हणजे मान गेला आणि पगारही घटला. म्हणून शूर माणूससुद्धा घोडं सांभाळून लढायचा. पगार वेळेवर मिळत नसे ते वेगळंच. वर्ष वर्ष तुंबायचा, मग स्वार सरदाराच्या दारात धरणं धरून बसायचे.

माझा रिसालदार अशा वेळी काय करतो? कुणाचं घोडं मेलं की त्याच रात्री आपल्या पागेतलं घोडं त्याच्या दारात बांधतो. "आधी चंदी घाल त्याला. हिशोब मागनं बघू." तो हिशोब कधीच होत नाही. होत नाही म्हणूनच तो स्वार जन्मभर त्याचा. मेलेलं घोडं शिलेदाराचं होतं, दारात उभं आहे ते रिसालदाराचं, आणि आपण कधी बारगीर झालो हे त्याला कळतसुद्धा नाही. उलट बायकोला सांगतो, असा धनी मिळायला भाग्य लागतं.

खलनायक क्रूरच करायचा असता तर इतिहासात हवे तेवढे आहेत. सुमेरसिंग गारदी आहे. ३० ऑगस्ट १७७३ला तुंबलेल्या पगाराच्या निमित्तानेच गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि नारायणराव पेशव्यांना त्यांनी तोडलं. पण तो भाड्याची तलवार, त्याच्यावर कुणी प्रेम केल्याचं ऐकिवात नाही. १७९८ साली दौलतराव शिंद्यांसाठी पैसा उभा करायला सर्जेराव घाटग्यांनी पुण्यात सावकार-कारभाऱ्यांचे जे हाल केले तेही लिहिता आलं असतं. पण जो तापलेल्या तोफेला माणूस बांधतो त्याला ओळखायला वाचक कशाला लागतो? लांबनं धूर दिसतो.

शिवाय आपण सांगलीची माणसं. आपल्याला खलनायक बघायची सवय जुनी. १८४३ला विष्णुदास भाव्यांनी इथेच 'सीतास्वयंवर' केलं, आणि त्या नाटकांतला राक्षस यायचा तो राळेचा भडका उडवत, आरडाओरडा करत. पुढची पोरं किंचाळायची. तो वाईट आहे हे त्याने तोंड उघडायच्या आधीच ठरलेलं. पुढे साठ-पासष्ट वर्षांनी सांगलीचेच नाटककार खाडिलकर 'कीचकवध' घेऊन आले, १९०७ला. कीचक म्हणजे विराटाचा सेनापती आणि मेहुणा. लोकांना त्याच्यात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१०ला नाटकावर बंदी आली. कीचकाला राळ लागत नाही, पण त्यालाही एक खोड आहे. जे पाहिजे ते तो उघड मागतो. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.

मला भीती वाटते ती हरिपूरच्या नाटककार देवलांनी मराठीत आणलेल्या माणसाची. 'झुंजारराव' म्हणजे शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो'. त्यातला इयागो हुद्द्याने साधा निशाणबरदार. तो स्वतःसाठी काही मागत नाही, सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात, आणि ज्याचं वाटोळं करायचं त्याच्याच काळजीपोटी बोलतोय असं वाटतं. कॉलेजात वाचलं तेव्हा आमचे सर म्हणाले होते, असा माणूस खरा वाटत नाही, नाटकापुरताच. मी गप्प बसलो. मी त्याच्या हाताखाली सात महिने पळालो होतो.

ते आता सांगतो.

१९९४ साल. बारावी झालेली, वडील नव्हते, आणि आमच्याकडे अशा पोरानं करायचं काय तर भरती. गावाबाहेरच्या गायरानावर पहाटे साडेचारला चाळीसेक पोरं जमायची. शिकवणाऱ्याला आम्ही साहेब म्हणायचो. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झाल्याचं ते सांगत, आणि त्यांचे कागद बघायचं कुणाच्या मनातही आलं नाही. खाकी हाफ पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट, ओठावर बारीक कातरलेल्या मिशा. सोळाशे मीटर, बीमवर दहा पुलअप, नऊ फुटी खड्डा. शिवी एकदाही दिली नाही. पोरगं धापा टाकत कोसळलं की शेजारी उकिडवे बसायचे आणि अगदी कानाशी म्हणायचे, "रखमाबाईच्या पोरानं असं पडायचं नसतं." चाळीस पोरांच्या आयांची नावं त्या माणसाला पाठ होती. आम्हाला आमच्या आईचं नाव घेऊन कुणी हाक मारलेली नव्हती. माणूस मरायला तयार होतो हो एवढ्याशावर.

माझी उंची १६७ सेंटीमीटर होती, लागत होती १६८. महिनाभर मी झाडाला लोंबकळत होतो. एका पहाटे त्यांनी मला बाजूला घेतलं. "तो एक सेंटीमीटर माझ्यावर सोड." मग हळूच, कुठल्यातरी मधल्या माणसाला बारा हजार द्यावे लागतील. "बाकीच्यांना बोलू नको. त्यांच्याकडनं मी घेत नाही. तुझं घर मला माहिताय म्हणून."

आईनं पाटल्या गहाण ठेवल्या.

कोल्हापूरला भरतीच्या दिवशी उंचीच्या पट्टीखालनं मला पहिल्या दहा मिनिटांतच बाहेर काढलं. मधला माणूस कुणी नव्हताच. आता तुम्ही म्हणाल, पैसे बुडाले. तिथंच तर आहे सगळं. चौथ्या दिवशी साहेब मोटारसायकलवर आमच्या दारात आले. बारा हजार, मोजून, आईच्या हातात. "काम झालं नाही, पैसे माझ्याकडं कसे ठेवू?" डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आईनं त्यांना वाढलं. ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी होती, आणि पाहुण्याला काही गोड नाही म्हणून ती हळहळत राहिली. पुढे वर्षभर गावात ती सांगत होती, माणूस असावा तर असा.

ही आकडेमोड मला कळायला पंधरा वर्षं लागली, तीही एका लग्नाच्या पंगतीत. शेजारी आमच्या बॅचचा एक पोरगा, आता हवालदार. त्याच्यासारखा पळणारा मी नंतर पाहिला नाही, साडेपाच मिनिटांच्या आत सोळाशे मीटर, तेही अनवाणी. तो म्हणाला, "साहेबांनी माझं काम केलं. बारा घेतले, पण केलं." माझा हात ताटातच थांबला. म्हणजे बारा त्याच्याकडूनही. मग मी विचारत सुटलो. आजवर बावीस जणांनी कबूल केलंय. प्रत्येकाला हेच सांगितलेलं, की तुझ्याकडूनच घेतोय, बोलू नको. जे नापास झाले त्यांचे पैसे चौथ्या-पाचव्या दिवशी घरपोच परत. जे आपल्या पायांवर पळून, आपल्या छातीवर पास झाले, त्यांचे साहेबांकडे. साहेबांनी करायचं काहीच नव्हतं, फक्त निकालाची वाट बघायची. नापास घरं त्यांना देवमाणूस म्हणत होती, पास घरं त्यांच्या पाया पडत होती. तक्रार करायची तर कुणी?

मी त्या हवालदाराला हे समजावून सांगितलं. म्हटलं, अरे, तू तुझ्या पायांनी लागलास. आनंद व्हायला पाहिजे होता. तो एवढा चिडला की उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसला. मला आधी नवल वाटलं. नंतर लक्षात आलं, मी त्याची नोकरी त्याला परत देत होतो, पण त्याबरोबर ज्याने आईच्या नावानं हाक मारली तो माणूस काढून घेत होतो. तो सौदा त्याला महाग पडत होता.

रिसालदार त्या रात्री जन्मला. घोड्यांची गोष्ट नंतर सुचली, दरबारखर्चाची आधी. दरबारात काम काढून घ्यायला जो चोरटा पैसा चारावा लागे त्याला तेव्हा हाच शब्द होता. माझा रिसालदार तुंबलेला पगार मोकळा करून देतो म्हणून प्रत्येक स्वाराकडून, एकेकट्याला गाठून, दरबारखर्च घेतो. ज्याचा पगार सुटला नाही त्याचा पैसा परत. जातीनं, त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन.

आता तुमचा प्रश्न. पहिल्या खर्ड्यात मी त्याला मारला होता. हरिपूरच्या संगमावर, पावसाळ्यात, नायकाच्या हातून, चार पानं तलवारबाजी. लिहिताना मजा आली, खोटं कशाला बोलू. टाइप करून घेतलं, वाचलं, आणि अडलो. नायकानं तलवार उपसली तेव्हा रिसालदार पळतच नव्हता माझ्या डोळ्यांसमोर. तो नायकाच्या घोडीकडे बघत होता. म्हणाला, "मागचा पाय बरा झाला का रे हिचा?" आणि पोरगं तलवार हातात धरून म्हणालं, "झाला. अजून जरा लचकती." झालं. त्यानंतर वार कसला? तो होडीत बसला, पलीकडे गेला. चार पानं मी फाडली. त्या आजोबांना पटणार नाही, पण मारायला माणूस पाहिजे, आणि त्या काठावर उभ्या असलेल्यांपैकी एकाचंही त्याने काही बुडवलेलं नव्हतं.

आवडतो का, तर हो. तो आवडला नाही तर गोष्ट खोटी. तुम्हालाही शंभर पानांपर्यंत आवडत होता, तुम्ही मला तसं पत्रात लिहिलंत, आणि नंतरचा राग निम्मा स्वतःवरचा आहे असा माझा अंदाज आहे. माझाही तसाच आहे.

कादंबरी छापून आल्यावर आईला मी ती आकडेमोड एकदा सविस्तर सांगितली. तिला वाचता फारसं येत नाही, म्हणून शेंगा फोडत बसली होती तेव्हा शेजारी बसून, पास किती, नापास किती, शेंगदाणेच मांडून दाखवले. तिनं सगळं ऐकून घेतलं. पाटल्यांचं व्याज तिनेच भरलं होतं, तेही मी मोजलं. मग मांडलेले दाणे तिनं सुपात ओढले आणि म्हणाली, "तुझ्या शिकवणीच्या मास्तरनं नापास पोराची फी कधी माघारी दिलती का रं?"

मी काहीच बोललो नाही. थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "आता असतात कुठं ते? वाळलं असतील."