विंटर टायर घेताना गाडी निघते कशी ते बघू नका, थांबते कशी ते बघा

‘गाडी ऑल-व्हील ड्राइव्ह आहे, मग विंटर टायर, म्हणजे थंडी-बर्फासाठीचे वेगळे टायर, कशाला?’ थंडी पडायला लागली की दर वर्षी कोणी ना कोणी हे विचारतंच, आणि विचारणारा माणूस बहुतेक वेळा गाडीची नीट काळजी घेणारा असतो, सर्व्हिसिंग वेळेवर, इन्शुरन्स वेळेवर, मुलांची सीट व्यवस्थित बसवलेली, फक्त टायरच्या बाबतीत एकदम निर्धास्त. म्हणून म्हटलं एकदा सगळं सविस्तर लिहूनच काढू.

ऑल-व्हील ड्राइव्ह काय करतं, तर इंजिनाची ताकद चारही चाकांना वाटून देतं. त्यामुळे बर्फात गाडी जागची हलते, चढ चढते, सिग्नल सुटला की झोकात निघते. पण ब्रेक दाबला की या सगळ्याचा काही उपयोग नसतो, ब्रेक तर सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. थांबणं आणि वळणं ही दोन्ही कामं शेवटी टायरवर येतात, आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग असतो जेमतेम तळहाताएवढा, असे चार तुकडे आणि त्यावर दीड-दोन टनाची गाडी. एबीएस (ब्रेक लागल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी) वगैरे सगळं त्या चार तुकड्यांकडे जेवढी पकड आहे तेवढीच नीट वापरून देतं, नसलेली पकड कुठून आणणार? आणि मला तर ऑल-व्हील ड्राइव्हची एक वेगळीच भीती वाटते. निघताना चाक जरासुद्धा फिरत नाही म्हणून ड्रायव्हरला वाटतं रस्ता चांगलाय, मग तो नेहमीच्या स्पीडने जातो, आणि रस्ता खरा कसा होता ते कळतं थेट समोर कोणीतरी अचानक थांबल्यावर.

थोडं गणित करून बघा. ताशी ५० किलोमीटरचा स्पीड आहे, कोरड्या डांबरावर चांगल्या टायरची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण १२-१३ मीटरमध्ये थांबते. घट्ट दाबल्या गेलेल्या बर्फावर पकड कोरड्या रस्त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी उरली तर हेच अंतर ४० मीटरच्या आसपास जातं. आणि गोठलेल्या पाण्याच्या चकचकीत थरावर, जिथे पकड आठव्या हिश्श्यावर येते, तिथे जवळजवळ १०० मीटर. वर तुमचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतचा एक सेकंद धरा, त्यात १४ मीटर तसेच गेले. शिवाय ब्रेकचं अंतर स्पीडच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे स्पीड दुप्पट तर अंतर चौपट. म्हणून बर्फात ५० चा ३० केलात तर तो निव्वळ २० चा फरक नसतो, ब्रेकचं अंतर जेमतेम एक तृतीयांशाच्या थोडं वर उरतं. टायर कितीही भारी घ्या, या गणितातून कोणाचीच सुटका नाही, टायर फक्त तुमच्या बाजूने थोडे मीटर परत मिळवून देतो. पण ते थोडे मीटर म्हणजे समोरच्या गाडीचा बंपर किंवा झेब्रा क्रॉसिंगवरचा माणूस, इतकं साधं आहे ते.

आता टायरमध्ये नक्की काय वेगळं असतं. बरेच जण नक्षी बघतात, पण पहिला फरक रबराचा आहे. रस्ता वरून सपाट दिसतो तरी त्यात बारीक बारीक उंचवटे आणि खळगे असतात, आणि रबर मऊ असेल तरच ते त्या खळग्यांत शिरून रस्ता पकडतं. समर टायरचं रबर तापलेल्या डांबरावर टिकावं म्हणून बनवलेलं असतं, गारठा वाढला की ते कडक होत जातं आणि रस्त्यावरून नुसतं सरकायला लागतं. विंटर टायरचं मिश्रण थंडीतही लवचीक राहील असं असतं. ‘पारा ७ अंश सेल्सियसच्या खाली गेला की विंटर टायर घाला’ असं तुम्ही ऐकलं असेल, तो आकडा इथूनच आलाय. काही काळ्या दगडावरची रेघ नाहीये ती, ८ अंशांना सगळं ठीक आणि ६ ला धोका असं काही होत नाही, रबर हळूहळू कडक होतं. पण पहाटे ऑफिसला निघताना बाहेर २-३ अंश असायला लागले की टायर बदलायची वेळ झाली, बर्फ पडायची वाट बघू नका, कारण पहिला बर्फ पडला त्या दिवशी टायरवाल्याकडे पाय ठेवायला जागा नसते.

दुसरा फरक नक्षीचा. विंटर टायर जवळून बघा, प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने कापल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा असतात, नख घातलं तर ठोकळा किंचित उघडतो. ब्रेक लागला की या चिरांच्या कडा उघडून बर्फात रुततात, आणि मोठ्या खाचांमध्ये बर्फ कोंबला जाऊन घट्ट बसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं अरे टायर तर बर्फाने भरला, आता घसरणार, पण तेच तर हवं असतं! बर्फ बर्फाला धरतो, म्हणून खाचेतला तो कोंबलेला बर्फ रस्त्यावरच्या बर्फाला चिकटून ओढ देतो. ताज्या बर्फात गाडी थांबवून खाली उतरा आणि मागचा ठसा बघा, चांगल्या टायरचा ठसा छापल्यासारखा स्वच्छ उमटलेला असतो, एकेक चीर दिसते. गोटा झालेल्या टायरमागे फक्त एक गुळगुळीत पट्टा दिसतो.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर दोन खुणा दिसतात आणि इथे खूप लोक फसतात. एक म्हणजे ‘एम प्लस एस’, म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण कंपनी स्वतःच टाकते, नक्षी मोकळी आणि खोल असली की झालं, त्यासाठी बर्फावर टेस्ट द्यावी लागत नाही. दुसरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत हिमकण. ही १९९९ मध्ये उत्तर अमेरिकेत आली, आणि ती मिळायला टायरला बर्फावरची ठरलेली टेस्ट पास व्हावी लागते. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर नुसता एम प्लस एस टायर चालतच नाही, डोंगराची खूण पाहिजेच. तेव्हा दुकानात कोणी काहीही सांगो, वाकून खूण स्वतः बघा.

पण ही खूण म्हणजे सगळं झालं असंही नाही, आणि हे मला जरा ठासून सांगायचंय. ती टेस्ट बर्फावरची आहे, म्हणजे भुसभुशीत किंवा दाबलेल्या पांढऱ्या बर्फावरची. काचेसारख्या गोठलेल्या थराबद्दल ती काहीच सांगत नाही! आणि अपघाताच्या दृष्टीने तो थरच वाईट, त्यातही पारा शून्याच्या जवळपास असेल तेव्हा सगळ्यात वाईट, कारण वर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. उणे २० ला तोच थर कोरडा असतो आणि त्यावर पकड जास्त मिळते, ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे. म्हणून ‘अजून काही एवढी थंडी नाही’ म्हणणाऱ्यांनी जास्त सांभाळायला पाहिजे. पुलावर तर आणखीच, त्याला खालूनही गार वारा लागतो त्यामुळे बाकी रस्ता ओला असतानाच पूल गोठलेला असू शकतो. युरोपात मे २०२१ पासून जे नवीन लेबल आलंय त्यात बर्फाची पकड आणि गोठलेल्या थरावरची पकड अशी दोन वेगवेगळी चिन्हं आहेत, तिथे राहणाऱ्यांनी दोन्ही बघून घ्या.

म्हणजे ‘सगळ्यात बेस्ट विंटर टायर कुठला’ हा प्रश्नच अर्धवट आहे, तुमचा रस्ता कसा असतो ते आधी सांगा. हिवाळाभर रस्ते साफ होतात, जास्त वेळ ओलं डांबर, थोडी चिखलराड, अधूनमधून बर्फ आणि हायवेवर भरपूर ड्रायव्हिंग असं असेल तर मध्य युरोपातल्या हवामानासाठी बनवलेला टाइप घ्या, तो ओल्यावर आणि जास्त स्पीडला स्थिर असतो. महिनोन्महिने रस्त्यावर गोठलेला थर आणि पारा कायम शून्याखाली असेल तर नॉर्डिक (उत्तर युरोपातल्या कडक हिवाळ्यासाठीच्या) टाइपचा, बिनखिळ्यांचा, अगदी मऊ रबराचा टायर. पण तोच टायर ओल्या डांबरावर ब्रेकला कमी पडतो, हे विसरून चालणार नाही. खिळेवाला टायर, म्हणजे रबरात धातूचे छोटे खिळे बसवलेला, ओल्या गोठलेल्या थरावर जबरदस्त काम करतो, पण आवाज करतो, रस्ता उकरतो, आणि त्या उकरलेल्या रस्त्याची धूळ लोकांच्या छातीत जाते. जपानने याच धुळीपायी १९९० मध्ये कायदा करून खिळेवाल्या टायरवर बंदी आणली. स्टॉकहोममध्ये हॉर्न्सगाटान नावाच्या रस्त्यावर २०१० पासून ते चालत नाहीत. अनेक देशांत त्याला तारखांचं बंधन आहे, काही ठिकाणी पूर्ण बंदी, तेव्हा आधी नियम बघा.

ऑल-सीझनबद्दल माझं मत विचाराल तर, डोंगराची खूण असेल आणि तुमच्याकडे हिवाळा सौम्य असेल तर जरूर घ्या, वर्षातून दोनदा बदलायची कटकट वाचते. खूण नसलेला ऑल-सीझन टायर बर्फाच्या प्रदेशात वापरू नका. आणि खूण असली तरी तो मधला मार्ग आहे, भर उन्हाळ्यात समरइतका थांबत नाही आणि भर हिवाळ्यात विंटरइतका.

पैसे वाचवायला दोनच विंटर टायर घालणं हा तर मी सरळ धोकाच म्हणेन. फ्रंट-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे दोन नवीन विंटर टायर घातले की पुढचा भाग मस्त पकडतो, ब्रेकही पुढून छान लागतात, आणि मागचा भाग मात्र मोकाट. वळणावर ब्रेक लागला की मागचं ढुंगण पुढे यायला बघतं आणि गाडी गर्रकन फिरते. घालायचे तर चारही, एकाच मॉडेलचे. आणि चारातले दोन कमी झिजलेले असतील तर ते मागे लावा, गाडी कुठल्याही ड्राइव्हची असली तरी.

साइजचं म्हणाल तर २०५/५५ आर १६ ९१ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं, २०५ ही मिलिमीटरमध्ये रुंदी, ५५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ५५ टक्के, १६ इंची रिम, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो भार झेपतो आणि एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. भाराचा आकडा गाडीच्या कंपनीने सांगितलाय त्याच्या खाली कधीच जाऊ नका, इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे फारच महत्त्वाचं, बॅटरीमुळे त्या जड असतात. रुंदीत मात्र मॅन्युअलमध्ये दोन-तीन साइज दिलेल्या असतील तर हिवाळ्यासाठी अरुंद आणि लहान रिमची घ्या, मी तरी तेच करतो. अरुंद टायर चिखलराड आणि बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्यावर तरंगायला बघतो, आणि बाजू उंच असली की बर्फाखाली लपलेला खड्डा लागला तरी रिम वाचते.

वापरलेले टायर घेत असाल तर आधी टायरच्या बाजूवरचा डीओटी कोड वाचा, शेवटचे चार आकडे. ३५२२ असेल तर टायर २०२२ च्या ३५ व्या आठवड्यात बनलाय. नक्षी छान खोल दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, आणि रबरासाठीच तर आपण विंटर टायर घेतोय. खोलीची कायदेशीर मर्यादा बऱ्याच देशांत १.६ मिलिमीटर आहे, पण बर्फासाठी तो आकडा डोक्यातून काढून टाका. ऑस्ट्रियात विंटर टायरला किमान ४ मिलिमीटर लागतात, त्याखाली गेला की कायदा त्याला विंटर टायर मानतच नाही, आणि हा हिशोब मला पटतो कारण ४ च्या खाली खाचेत बर्फ कोंबायला जागाच उरत नाही. खोली मोजायचं छोटं गेज मिळतं, ते आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला तिन्हीकडे लावून बघा. आतली कडा आधी गेलेली असेल तर अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवीन टायरचीही तीच गत.

हवेकडे लक्ष ठेवा, तापमान ५-६ अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयने उतरते. म्हणजे गरम गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर उणे १० मध्ये बरीच कमी भरते. हवा गाडी उभी असताना, टायर गार असताना तपासायची. बर्फात पकड मिळावी म्हणून मुद्दाम हवा कमी करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, रोजच्या रस्त्यावर त्याने गाडी ढिली होते आणि टायर कडेने झिजतो.

टायर बसवताना बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण आहे का, किंवा ‘बाहेरची बाजू’ असं लिहिलंय का तेही बघून घ्या, वर्कशॉपच्या घाईच्या दिवसात चाक उलट्या बाजूला लागू शकतं आणि मग खाचा पाणी बाहेर फेकायच्या ऐवजी आत ओढतात. ५०-१०० किलोमीटर गाडी चालली की चाकाचे नट परत टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) तपासायचे. नवीन टायर असतील तर पहिले काही दिवस जरा दमाने, वरचा गुळगुळीत थर जायला वेळ लागतो. आणि ऋतू बदलला, सकाळी पारा सलग ७ च्या वर राहायला लागला की लगेच उतरवा, ते मऊ रबर गरम डांबरावर भराभर झिजतं आणि उन्हाळ्यात ब्रेकचं अंतर वाढवतं. उतरवताना प्रत्येक चाकावर खडूने ते कुठलं ते लिहा, पुढचं डावं, मागचं उजवं, म्हणजे पुढच्या वेळी अदलाबदल करता येईल. खाचांतले खडे काढा, धुवा, पूर्ण वाळू द्या, मग थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, रिमसकट असतील तर एकावर एक आडवे किंवा टांगून, नुसते टायर असतील तर उभे, आणि महिन्यातून एकदा थोडे फिरवून.