हातचा

आमची गाडी दसऱ्याची. २०१९ च्या दसऱ्याला, ८ ऑक्टोबरला, यवतमाळच्या शोरूममधून झेंडूचा हार घालून आणलेली. पुढच्या वर्षी दसरा पंचवीस तारखेला गेला, मग पंधराला, मग पाचला. पंचांगाच्या हिशेबाने तो मागेपुढे होत राहतो. विम्याला पंचांग नाही. तो दरवर्षी ७ ऑक्टोबरच्या मध्यरात्री संपतो म्हणजे संपतो. नेमका या दिवसांत आमचा पैसा वावरात असतो, नाहीतर ताडपत्रीखाली. सोयाबीन सोंगून पडलेलं, वर आभाळ, मळणीवाला दुसऱ्याच्या शेतात अडकलेला. माझा पगार आहे म्हणा; पण मास्तरणीचा पगार आणि सोंगणीची मजुरी यांची गाठ पडली की कोण जिंकतं ते सांगायला नको.

यंदा, म्हणजे २०२५ ला, दसरा २ तारखेला. सासूबाई गाडीला हार घालत होत्या, टायरखाली लिंबू ठेवत होत्या, आणि तेवढ्यात माझ्या फोनवर मेसेज: नूतनीकरणाचा हप्ता ११,७३६ रुपये. गेल्या वर्षी ८,१९६ भरले होते.

"काय झालं वं?" सासूबाईंनी विचारलं.

"विमा वाढला, आई. साडेतीन हजारांनी."

"गाडी जुनी झाली तं इमा सस्ता व्हाले पाह्यजे ना?" आणि हातातल्या लिंबाकडे पाहत, "माहा इमा साठ रुपयांत होते पाय. हार, नारळ आन् लिंबू."

त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पहिली दोन नूतनीकरणं स्वस्तात झाली, तेव्हा मी शाळेत सहकाऱ्यांना सांगत होते की गाडीचा खर्च काही नाही हो, उतरतच जातो. २०२२ साली आकडा टुणकन वर उडाला आणि मी गप्प झाले. झालं असं होतं की सप्टेंबर २०१८ पासून नवी कार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा, एकदमच घ्यावा लागतो. तो शोरूमच्या बिलातच भरून गेला होता. त्या बिलातल्या ओळी कोण वाचतं? गाडीच्या आनंदात माणूस हँडलिंग चार्जेससुद्धा हसत देतो. तीन वर्षं संपली आणि थर्ड पार्टी पुन्हा दारात. माझ्या गाडीचं इंजिन हजार ते पंधराशे सीसीतलं, त्याला ३,४१६ रुपये. हा दर १ जून २०२२ पासूनचा, त्याआधी ३,२२१ होता. तो केंद्राचं रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवतं, म्हणून कोणत्याही कंपनीत जा, तेवढाच. तिथे घासाघीस चालत नाही.

म्हणजे यंदाची वाढ तिथली नव्हतीच. ती होती एका रोह्याची.

बाहेरगावच्या वाचकांसाठी: रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे तो गायही नाही आणि निळाही नाही, तो नुसता रोही. दारव्ह्याहून माझी शाळा बावीस किलोमीटर. गेल्या जानेवारीत एका शनिवारी, सकाळच्या शाळेला निघाले होते. वावरांवर धुकं उतरलेलं, दोन्ही बाजूंना डोक्याएवढ्या तुरी. डावीकडची तूर हलली आणि पुढच्या क्षणी बॉनेटसमोर एक राखाडी भिंत उभी. ब्रेक दाबला, पण अर्धाच वेळ मिळाला. रोही आडवा झाला, उठला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उजवीकडच्या वावरात निघून गेला. ना लायसन दाखवलं, ना विम्याचे कागद. बंपर मधोमध फाटलेला, डावा दिवा फुटलेला, जाळीत तुरीची एक शेंग अडकलेली. हात थरथरत होते, तरी ती शेंग मी काढून खिशात का ठेवली, ते अजून कळलेलं नाही.

क्लेमचा अर्ज भरताना एक रकाना आला: समोरच्या वाहनाचा क्रमांक. मी फोनवरच्या मुलीला सांगितलं, समोर वाहन नव्हतं, रोही होता. "मॅम, रोही म्हणजे कोणतं मॉडेल?" पोरीची चूक नाही. ती कुठल्यातरी बावीस मजली इमारतीत बसलेली असणार.

गॅरेजचं बिल १४,८०० झालं. मला मिळाले ८,६००. प्लास्टिक, रबर, बॅटरी यांचे निम्मेच पैसे धरतात, गाडीच्या वयाप्रमाणे पत्र्यालाही घसारा लागतो, वरून पहिले हजार रुपये आपलेच. काचेला मात्र घसारा नाही. आणि माझी काचच तेवढी शाबूत राहिली होती! तरी तेव्हा मी खूश होते. विमा कामाला आला म्हणून शाळेत पेढेच वाटायचे बाकी होते.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गावातल्या सेवा केंद्रात गेले. केंद्र म्हणजे एक टेबल, एक प्रिंटर, भिंतीवर पीकविम्याचं पोस्टर. सात-बारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, गाडीचा विमा, सगळं त्याच टेबलावर. तिथला पोरगा चौथीत माझ्याच वर्गात होता. बेरीज चांगली करायचा, पण हातचा विसरायचा. सत्तावीस अधिक पंधरा केलं की हमखास बत्तीस.

आधी त्याने मला स्वस्त कोटेशन काढून दाखवलं. नऊ हजारांच्या आत. मी खाली पाहिलं तर गाडीची विमा किंमत, ज्याला ते आयडीव्ही म्हणतात, ती दोन लाख सत्तरवरून एक लाख ऐंशीवर आणलेली. गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर तेवढेच मिळणार. पाच वर्षांपर्यंत ही किंमत ठरलेल्या घसाऱ्याने उतरते. पाचव्या वर्षाला ती निम्म्यावर येते. त्यानंतर आपण आणि कंपनी मिळून ठरवायची, म्हणून तिथे हात मारता येतो. बाजार समितीत व्यापारी असंच करतो. भाव चांगला बोलतो आणि मग ओलावा बाराच्या वर दाखवून क्विंटलमागे कापतो. आमच्या ह्यांनी आयुष्यभर तो ओलावा सोसलाय, त्यामुळे मला ती चाल लगेच ओळखू आली.

"नोको रे, किंमत जशी आहे तशी ठेव."

पोरगा पुढे गेला. पुढचा प्रश्न पडद्यावर आला: मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? खाली दोन गोल. हो आणि नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "बाई, 'नाई' टाकू काय? सगळेच टाकतेत."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर आधी मी मनातल्या मनात आकडा काढला. 'नाही' टाकलं तर साडेतीन हजार वाचणार. सोंगणीच्या मजुरीला तेवढेच कमी पडत होते. मग आठवलं की कंपन्या एकमेकींकडे विचारणा करतात, आणि खोटं निघालं तर ऐन वेळी स्वतःच्या गाडीचा क्लेमच बाद करतात. म्हणजे मी प्रामाणिक राहिले ते निम्मं भीतीने. उरलेलं निम्मं, समोर माझाच विद्यार्थी बसला होता म्हणून.

"हो टाक," मी म्हटलं. "आणि एक कागद दे."

कागदावर मी त्याला जे शिकवलं ते मलाही तेव्हाच नीट कळलं. क्लेम न घेता वर्ष काढलं की स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. त्याला नो क्लेम बोनस म्हणतात. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून दुसरी घेतली तरी तो आपल्याबरोबर येतो. मात्र विमा संपून नव्वद दिवस गेले की तोही जातो.

"म्हंजे हा हातचा हाये, बाई," पोरगा म्हणाला.

बावीस वर्षं मी चौथीला हातचा शिकवतेय, पण इतकं नेमकं उदाहरण मला सुचलं नव्हतं. दरवर्षी एक आकडा पुढच्या घरात न्यायचा. पाच वर्षं मी तो नेला. रोह्याने एका सकाळी पुसला.

मग हिशेब मांडला. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता सोपा जावा म्हणून सहा हजार धरला. क्लेम नसता तर पुढची सगळी वर्षं निम्मी सूट. आता पुन्हा शून्यापासून चढायचं. यंदा ३,००० जास्त. पुढच्या वर्षी १,८००, मग १,५००, मग ९००, मग ३००. पाचांची बेरीज ७,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ८,८५०.

मला क्लेमचे मिळाले होते ८,६००.

पोरगा बराच वेळ कागदाकडे पाहत होता. "म्हंजे तुमीच कंपनीले अडीचशे रुपये देल्ले बाई."

जीएसटीचंही एक दुखणं आहे. २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा कर गेला. मी मरू नये म्हणून काढलेला विमा करमुक्त आणि बंपरच्या विम्याला अठरा टक्के; हे एका अर्थी बरोबरच आहे, पण पैसे भरताना माणूस इतका समतोल विचार करत नाही. एक समाधान मात्र आहे. विम्याच्या जुन्या दरपत्रकात गाड्यांचे दोन विभाग होते. मुंबई, पुणे, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळूर, हैदराबाद, अहमदाबाद ही 'अ' विभागात, उरलेला अख्खा देश 'ब' मध्ये, आणि 'ब' ला दर थोडा कमी. नागपूरसुद्धा 'ब'. अनुशेषाच्या इतक्या गोष्टी ऐकल्या, पण मागे राहण्याचा रोख फायदा हा एवढाच पाहिला.

टेबलाच्या पलीकडे दोघेतिघे पीकविम्याचं विचारायला आलेले. २०२३ च्या खरिपात तो एक रुपयात आला होता, यंदाच्या खरिपापासून पुन्हा टक्केवारीवर गेला. त्यातला एक मला म्हणाला, "बाई, तुमचा बरा, रोही आडवा आला तं आठ हजार तरी भेटले. आमच्या वावरात तं रोज येते." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या कागदावरचे अडीचशे रुपये मी घडी घालून पर्समध्ये टाकले.

संध्याकाळी पॉलिसी मोबाइलवर आली. सासूबाईंना सगळ्या ओळी वाचून हव्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण कोणत्या कागदावर किती पैसे गेले हे कळल्याशिवाय त्या जेवत नाहीत.

"हे तीन हजार चारशे सोळा कायचे?"

"दुसऱ्याचे. रस्त्यावर आपली गाडी कुणाला लागली, तर त्याला मिळतात."

"मंग तेचा इमा आपन काऊन भरावं?"

"आपल्या हातून लागली म्हणून."

त्या थोडा वेळ तांदूळ निवडत राहिल्या. आमच्या रस्त्याने संध्याकाळी कोण कोण येतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सरपणाची मोळी घेऊन येणाऱ्या बाया, अंधारात बिनदिव्याच्या कापसाच्या बैलबंड्या, ट्यूशनवरून सायकलने येणारी पोरं.

"बैलाले लागली तं?"

"बैल पण धरतात. तो मालमत्तेत येतो. साडेसात लाखांपर्यंत."

"आन् मानसाले?"

"माणसाला मर्यादा नाही. न्यायाधिकरण ठरवेल तेवढे."

हे त्यांना पटलेलं दिसलं. गावात किती ट्रॅक्टरचा विमा चालू आहे, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, मीही काढला नाही. विमा नसला तर पहिल्या वेळी दोन हजार दंड, दुसऱ्या वेळी चार, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. पण आमच्या रस्त्यावर पोलीस पोळ्याला दिसतो, नाहीतर निवडणुकीला.

"आन् रोह्याले?"

"त्याला काही नाही, आई. त्याला धनी नाही."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "नाई तं तोही यील मांगाले."

परवा शनिवार होता, पुन्हा सकाळची शाळा. तुरी यंदा पावसाने थोड्या खुरटल्यात, पण रोह्याचं तोंड झाकायला पुरेशा आहेत. त्याच वळणाच्या अलीकडे मी गाडी तिसावर आणली. तो उभाच होता, रस्त्याच्या मधोमध, वारसाहक्काने मिळाल्यासारखा. मी दिवे चालू ठेवून थांबले. त्याने मान वळवली आणि सावकाश, एकेक पाय मोजत, उजवीकडच्या वावरात उतरला.

मागे दूधवाल्याची मोटरसायकल येऊन थांबली. त्याने दोनदा हॉर्न वाजवला.

"चाला ना बाई! गेला ना तो!"

"थांब रे," मी काच खाली करून म्हटलं. "मागं हातचा असते एक."

डावीकडची तूर हलली.