आमची वाटचाल : दुपारची बॅच बंद केली तेव्हा

योगवर्ग सुरू केला तेव्हा आम्ही दोघी मैत्रिणी होतो आणि एक भाड्याचा हॉल. संध्याकाळी फी भरणाऱ्यांची बॅच. घरकाम, सफाईकाम करणाऱ्या बायकांसाठी दुपारी मोफत. त्या मोफत बॅचचा आम्हाला फार अभिमान होता.

एकदा दुपारच्या एका ताईंनी विचारलं, "आम्ही संध्याकाळी आलो तर चालणार नाही का?" मला उत्तर देता येईना. दुपारी जुन्या मॅट काढायचो, हेही तेव्हाच डोळ्यांत खुपलं.

योगसूत्रांच्या साधनपादात, म्हणजे दुसऱ्या भागात, अहिंसा, सत्य, अस्तेय (चोरी न करणं), ब्रह्मचर्य, अपरिग्रह (साठा न करणं) हे यम, म्हणजे इतरांशी वागण्याचे नियम, सांगून झाले, की लगेच 31व्या सूत्रात पतंजली म्हणतात : जात, देश, काळ, प्रसंग यांची सवलत न घेता पाळले, तर ते महाव्रत. सूत्र मला पाठ होतं, आणि वेळापत्रकात मी दोन पंगती मांडल्या होत्या.

बॅच एकत्र केल्या. फी जमेल तेवढी, पेटीत टाकायची; कोणी किती टाकली ते आम्हीही बघत नाही. हॉलचं भाडं त्यातून दर महिन्याला निघत नाही, म्हणून कंपन्यांमध्ये जाऊन वर्ग घेतो.

शिकवणंही बदललं. मार खाल्लेल्या बाईला डोळे मिटून पडायची भीती वाटते. म्हणून शवासन उघड्या डोळ्यांनी, हवं तर बसून. विचारल्याशिवाय कोणाला हात लावायचा नाही. गुडघे दुखत असतील तर खुर्ची. एक ताई कित्येक महिने दाराजवळच बसायच्या, नुसत्या बघत. आम्ही आग्रह केला नाही. आता सुरुवातीचे सांध्यांचे व्यायाम त्याच घेतात.

हा धीर मला सगळ्यांशी मात्र धरता आला नाही. "त्यांच्या शेजारी नको" म्हणून एकीने वर्ग सोडला, तेव्हा मी तिला सगळ्यांसमोर सुनावलं. मैत्रीण नंतर म्हणाली, "बोललीस ते खरं होतं, पण ती ऐकून घेईल असं बोलली नाहीस." मन शांत राहावं म्हणून योगसूत्रांत चार भाव सांगितलेत : मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्यात आनंद) यांच्यापुढे उपेक्षा येते, ती चुकणाऱ्याच्या बाबतीत. उपेक्षा म्हणजे पाठ फिरवणं नव्हे, त्याच्या चुकीने आपलं मन ढवळू न देणं. माझं पार ढवळलं होतं.

नंतर तिला फोन केला. बोलण्याच्या पद्धतीबद्दल माफी मागितली, निर्णयाबद्दल नाही. तिने ऐकून घेतलं. ती अजून आलेली नाही.