सही माझी होती

पंचवीस वर्षं मर्चंट बँकिंगमध्ये काढली. आता बिझनेस स्कूलवाले 'लीडरशिप'वर बोलायला बोलावतात आणि दर वेळी मला डिसेंबर २००७ची ती रात्र आठवते. सांगत मात्र नाही.

लोअर परळला प्रिंटरकडे ठाण मांडलं होतं. इन्व्हेस्टमेंट बँकर म्हणजे सूट आणि मोठमोठे सौदे असं लोकांना वाटतं. पब्लिक इश्यूचं, म्हणजे कंपनीचे शेअर्स लोकांना विकायला काढण्याचं, निम्मं काम म्हणजे प्रूफं तपासणं. चारशे पानी मसुद्यातला एकेक आकडा पेन्सिलीनं गोल करायचा, शेजारी पुराव्याच्या कागदाचा नंबर टाकायचा. 'देशातील अग्रगण्य' लिहिलं की सेबी, म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था, विचारणार, कशावरून? त्यात जूनअखेरचे ऑडिट झालेले आकडे सहा महिन्यांत शिळे होतात, म्हणून ३१ डिसेंबरच्या आत मसुदा सेबीकडे दाखल करायची घाई.

पहाटे दोनला आमची ॲनॅलिस्ट, नोकरीला दीड वर्ष झालेली पोरगी, येणेकऱ्यांची, म्हणजे कंपनीला ज्यांच्याकडून पैसे येणं आहे त्यांची, यादी घेऊन आली. "सर, या तीन कंपन्यांचा पत्ता एकच आहे. भिवंडीचा एक गाळा." इश्यू आणणाऱ्या कंपनीचा सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख, समोरच वडापाव खात होता. "एकाच मालकाच्या असतील," तो न बघताच म्हणाला. मीही मान डोलावली. "उद्या बघू."

ती हलली नाही. "सर, ड्यू डिलिजन्स सर्टिफिकेटवर सही तुमची आहे."

मसुद्यातली माहिती आम्ही नीट तपासली आहे, अशी सेबीला द्यायची ती लेखी हमी. राग आला, खोटं कशाला बोलू. खाली जाऊन टपरीवर दोन कटिंग प्यायलो, वर आलो आणि फायलिंग थांबवलं. कंपनीच्या प्रवर्तकांनी, म्हणजे मालकांनी, थेट आमच्या एमडींना उठवलं, एमडींनी मला धुतलं.

जानेवारीत रिलायन्स पॉवरचा इश्यू ७०हून अधिक पट भरला. अख्खं ऑफिस माझ्याकडे, घरचं लग्न मोडणाऱ्याकडे बघावं तसं बघत होतं. मग २१ तारखेला सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला, २२ला सर्किट लागून, म्हणजे घसरणीची ठरलेली मर्यादा गाठली जाऊन, तासभर व्यवहारच बंद. पुढच्या काही दिवसांत भले भले इश्यू गुंडाळले गेले. आमचा तर कधी आलाच नाही. त्या गाळ्यात काय होतं, हे आजतागायत मला माहीत नाही.

"यानं मार्केट आधीच ओळखलं!" एमडी पार्टीत पाठ थोपटत म्हणाले. मी हसलो. बोनसही घेतला.

तिच्या अप्रेझलमध्ये डिसेंबरअखेर मीच लिहिलं होतं, 'डेडलाइनचं भान कमी.' फॉर्म एचआरकडे गेला होता. परत मागवता आला असता.