बसला ओटी हवी

७ फूट रुंद, १८ फूट लांब. ड्रायव्हरच्या पाठीपासून मागच्या काचेपर्यंत जागा एवढीच, आणि तिच्यावरून आमच्या घरात अख्खा पावसाळा वाद चालला. दादाने एका शाळेची निवृत्त झालेली बस घेतली आहे. ती आगरात, माडांपासून जरा अंतर राखून उभी आहे आणि तिच्यात फिरतं घर करायचं ठरलंय. पुण्या-मुंबईची माणसं गुहागरला फिरायला येतात, तुम्ही इथून कुठे निघालात, असं शेजारचे काका विचारून गेले. "खाली रेडीपर्यंतचे किनारे आपण तरी कधी बघितलेत?" दादा म्हणाला. काकांनी ते बघितले नव्हते, त्यामुळे विषय तिथेच मिटला.

नकाशा काढायला बसलो ते भर आषाढात. बाहेर धो धो पाऊस, सगळी माणसं घरात, आणि समोर चौकटीचा कागद. अशा वेळी माणसाला जे जे सुचतं ते सगळं आतलंच असतं. जेवायचं टेबल, पुस्तकांचं कपाट, देवघर, न्हाणी, संडास, दुधाची पातेली निथळायला जागा, ओल्या छत्र्या टांगायला जागा. शेवटी कागदावर सगळं मावलं, फक्त माणसं कुठे उभी राहणार ते दिसेना.

त्यात ७ फूट हे आकडेही फसवे. पत्रा उन्हात तापतो म्हणून आतून इन्सुलेशन हवं, त्यावर प्लाय. दोन्ही अंगांनी मिळून ४ इंच सहज गेले. उरले ६ फूट ८ इंच. पलंग आडवा टाकला तर दादा जेमतेम पाय ताणून झोपेल. पण खिडकीकडच्या माणसाला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडून यावं लागणार. उभा टाकला तर ओलांडणं वाचतं, पण लांबीतले ६ फूट एका बाजूला अडकतात. शेवटी आडवाच ठरला. मागच्या चाकांचे उंचवटे बसच्या आत येतात, ते पलंगाखाली झाकले जातात आणि उरलेल्या पोकळीत सामान जातं. दमट हवेत गादीला खालून बुरशी धरते, म्हणून सलग फळीऐवजी पट्ट्या ठोकायच्या. आमच्याकडे श्रावणात कपाटातल्या चपलांवरही पांढरी लव येते. तिथे गादी कोण?

वजनाचा हिशेब मला सगळ्यात आवडला. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, हे शाळेत शिकलो तेव्हा कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. १५० लिटरची टाकी म्हणजे दोन धडधाकट माणसं सतत एकाच कोपऱ्यात बसल्याचं वजन. म्हणून टाकी खाली, मागच्या ॲक्सलच्या जवळ आणि शक्यतो मधोमध. ओटा, गॅस, फ्रिज सगळं डावीकडे घेतलं तर बॅटऱ्या उजवीकडे हव्यात. वरच्या फडताळात पोहे, कुरमुरे, कपडे. पितळेचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या खाली. कुंभार्ली घाटाच्या एका वळणावर बरणी वरून आली की हा नियम कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. गॅसचंही तसंच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याची झडप तळाशी, बाहेर उघडणारी, आणि आतल्या बाजूने कप्पा पूर्ण बंद. विजेवर स्वयंपाक करायचा विचार दादाने आकडेमोडीनंतर सोडला. १२ व्होल्टची २०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी म्हणजे साधारण २.४ युनिट. इंडक्शनने तासभर जोर लावला की त्यातले २ संपलेच.

घासण्याधुण्याच्या पाण्याची टाकी मिस्त्री शेपटीखाली टांगत होते. तिथे खाली जागा भरपूर दिसते खरी. पण इथून खाली जायचं म्हणजे तवसाळहून जयगडला जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीने, खाडी ओलांडायची, नि वर दापोलीकडे जायचं तर धोपाव्याहून दाभोळला. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, आणि चाकांमागे लांब शेपूट असलेली गाडी बोटीवर चढताना मागून घासते. टाकी तिथे असती तर पहिल्याच फेरीत खाडीत गेली असती. ती आता पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये गेली आहे.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल करण्याआधी आरटीओची मंजुरी लागते, नंतर नोंदणीपुस्तकात तशी नोंद. दादा ते कागद एका फाइलीत घेऊन फिरतो. त्याबद्दल विचारलं तर तो अर्धा तास बोलतो, म्हणून कोणी विचारत नाही.

नकाशा खरा हलवला तो वहिनीने. तिचं म्हणणं, मधली वाट २ फुटांची नको, अडीच फुटांची हवी. का? तर विळी. ओट्याशी उभं राहून चिरणं जमेल, पण नारळ खवायला खाली बसावं लागतं, एक पाय दुमडून एक विळीच्या पाटावर. २ फुटांत गुडघा कपाटाला लागतो. दादाने खवणीचं यंत्र सुचवलं, वहिनीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. फिरत्या घरांचे जगभरचे नकाशे त्याने पाहिले आहेत. वाटेची रुंदी विळीवरून ठरलेला हा एकच असावा. मिक्सरला मात्र तिची हरकत नाही. वाटप मिक्सरवर चालेल, खोबरं विळीवरच. ह्याला काही तर्क आहे का, हे मी विचारलं नाही. मला तिच्या हातचं जेवायचं असतं.

आडवा सोफाही गेला. चित्रात तो फार ऐटदार दिसत होता. पण चालत्या गाडीत आडवं तोंड करून बसलं की आमच्याकडे निम्म्यांना बस लागते, आणि तशा बैठकीवर पट्टाही नीट लागत नाही. शाळेच्या मूळ बाकांतली दोन बाकं पुढे तोंड करून तशीच ठेवली, त्यांना पट्टे बसवले. उजवीकडच्या संकटकाळच्या दारासमोर काहीही आणायचं नाही, हे मिस्त्रींनी खडूने दारावरच लिहून ठेवलंय.

दिवाळी झाली, पाऊस गेला, खळं चोपून सारवून झालं, तेव्हा दादाने त्यावर रांगोळीने बस आखली. खऱ्या मापाची. पलंग, ओटा, न्हाणी, दार, सगळं. मग घरातल्या सगळ्यांनी आत वावरायचं. पहिल्यांदा आम्ही भिंतींचा मान राखत दारातून आत-बाहेर केलं. कोंबडीने मात्र संडासातून शिरून स्वयंपाकघरातून बाहेर पडत आम्हाला वाट दाखवली. थोड्याच वेळात वहिनी विळी घेऊन रेषेच्या बाहेर सावलीत जाऊन बसली. पोरं बाहेर. दादा चहा घेऊन बाहेर. रांगोळीच्या बसमध्ये उरली एकटी आजी, ती पुढच्या बाकावर, म्हणजे पाटावर, पट्टा लावल्याच्या आविर्भावात.

बघितलं तर आमच्या घरातही हेच चालतं. माजघरात कोण बसतो? माणसं ओटीवर, पडवीत, खळ्यात, मागल्या दारी. आत जायचं ते झोपायला, देवाला हात जोडायला आणि पावसाला भिऊन. आषाढातला नकाशा पावसाला भिऊनच काढलेला होता. मग कागदावरून टेबल गेलं, पुस्तकांचं कपाट निम्मं झालं, आणि दाराच्या बाजूला, छपराला लागून गुंडाळता येणारं ताडपत्रीचं छत आलं, ८ फूट बाहेर येणारं. मासे तळायची शेगडीही त्याखाली. सुरमई बसच्या आत तळली तर वास गादीत आठवडाभर राहील, आणि शाकाहारी आत्या बरोबर आल्या तर त्यांनी नाक कुठे ठेवायचं? बस आता मुख्यतः पाऊस आणि रात्र काढण्यापुरती. मला हा नकाशा पटतो. एवढ्याशा जागेत घर कोंबण्यापेक्षा घराची दोन खोल्यांएवढी कामं अंगणावर सोपवणं बरं.

पण ओटी आली तसा नवा पेच आला. आपल्याकडे बसचं दार डावीकडे. गुहागरहून रेडीकडे निघालं की समुद्र उजवीकडे राहतो. म्हणजे जाताना मुक्कामाला छत उघडलं की समोर कोणाचा तरी गडगा आणि त्यावर वाळत घातलेली जाळी, नि समुद्र पाठीला. येताना मात्र ओटी थेट दर्यावर. दादाने ताबडतोब बेत बदलला: जाताना हमरस्त्याने सरळ खाली उतरायचं आणि रेंगाळत यायचं ते किनाऱ्याने, तोंड उत्तरेला करून. "किंवा मुक्कामाला गाडी वळवून लावा," वहिनी म्हणाली. तेही खरंच होतं, पण बेत बदलण्यातली मजा त्यात नव्हती.

उत्तर म्हटल्यावर आजीने कान टवकारले. तिचा पावसाळ्यापासूनचा मुद्दा दिशांचा होता. गाडी घाटात दहा वेळा वळणार, देवाचं तोंड कुठे, झोपणाऱ्याचं डोकं कुठे? दक्षिणेला पाय केलेले तिला चालत नाहीत. दादाने रांगोळीवर उभं राहून तिला समजावलं. बसचं नाक उत्तरेला म्हणजे उजवी भिंत पूर्व. देवघर त्या भिंतीवर, म्हणजे हात जोडणारा पूर्वेकडे बघणार. आडव्या पलंगावर डोकं त्याच भिंतीकडे, पूर्वेला. शास्त्राला अगदी धरून. आजीने बोटांवर दिशा मोजल्या, मान हलवली, आणि मग थांबली.

"म्हणजे पाय पश्चिमेला."

"हो."

"दर्याकडे. नारळी पुनवेला ज्याला नारळ देतो त्याच्याकडे पाय करून झोपायचं, मेल्या?"

दादाने नकाशाकडे पाहिलं, मिस्त्रींनी आढ्याकडे. वहिनी खोबरं खवता खवता म्हणाली, "पांघरूण घ्या हो आजी. त्याला दिसायचे नाहीत."