दोन गाण्यांच्या मधली टेप

जुन्या टेपांवरचा आवाज डिजिटल करून देणं हे माझं काम. त्या दिवशी मशीनवर होत्या एका पंक रॉक बँडच्या रील. ऐंशीच्या दशकातला बँड, कुठल्याच कंपनीशी करार नाही, रेकॉर्डसुद्धा स्वतःच काढलेली. त्यांचे ड्रमर जातीने येऊन बसले होते. "फक्त गाणी ठेवा, मधली बडबड काढून टाका," म्हणाले.

या रील आधी वाजवून पाहिल्या तेव्हा अक्षरशः किंचाळत होत्या आणि टेपवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर तपकिरी, चिकट थर जमत होता. त्या काळातल्या बऱ्याच टेपांचं हे दुखणं आहे. चुंबकीय कण धरून ठेवणारा लेप हवेतला ओलावा पितो आणि सुटू लागतो. तशीच दामटून वाजवली, तर कणांबरोबर आवाजही खरवडून निघतो. म्हणून तापमान काटेकोर राखणाऱ्या ओव्हनमध्ये, ५० ते ५५ अंश सेल्सिअसला, त्या कित्येक तास ठेवल्या होत्या. त्यानंतर टेप थोडे दिवस नीट वाजते. तेवढ्यात काय ते उतरवून घ्यायचं.

दुसऱ्या रीलवरचं शेवटचं गाणं संपलं, पण टेप बंद करायला कोणी गेलंच नव्हतं. झांजा उतरवल्याचा खणखणाट, मग बोलणं. कार्यक्रमांचे साठलेले पैसे वाटून घ्यायचे की रेकॉर्ड काढायची? एक जण भाडं थकल्याचं सांगतो. मग दुसरा शांतपणे म्हणतो, "माझा वाटा रेकॉर्डला घ्या. मला काही नको."

ड्रमरनी हात वर केला. "मागे घ्या. पुन्हा लावा."

तो आवाज गिटारवाल्याचा होता. बँड फुटला तो त्याच्या पैशाच्या हावेपायी, असं हे सगळे इतकी वर्षं सांगत आले होते.

मी त्यांना डिस्कॉर्ड या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची हकिकत सांगितली. १९८० साली वॉशिंग्टनमधला टीन आयडल्स हा बँड मोडला, तेव्हा गल्ल्यात ६०० डॉलरच्या आसपास होते. पोरांनी ते वाटून न घेता स्वतःची रेकॉर्ड काढली. कव्हरसाठी एक तयार पाकीट उकलून त्याचा आकार गिरवला आणि छापलेले कागद हाताने कापून, दुमडून, चिकटवले. डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स उभी राहिली ती अशी. टीन आयडल्समधल्याच इयन मकायचा नंतरच्या काळातला एक बँड फुगाझी. त्यांनी आपले ८०० हून अधिक कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि २०११ पासून ते लोकांसाठी खुले केले. त्यांत गाणं थांबवून धक्काबुक्की करणाऱ्याला सुनावलेलंसुद्धा ऐकू येतं. मोठ्या कंपनीच्या बँडचे करार, हिशेब, पत्रव्यवहार कुठेतरी फायलीत राहतात. अशा बँडांचं दप्तर म्हणजे हीच बडबड. ती कापायला माझा हात धजत नाही, आणि हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"काहीच कापू नका," ते म्हणाले. "आणि दोन प्रती करा."

दुसरी प्रत गिटारवाल्याला पाठवायची होती, पण त्याचा पत्ता यांच्याकडे नव्हता. माझ्यासमोरच बेसवाल्याला फोन लावून त्यांनी तो मिळवला आणि रीलच्या डब्यावर लिहून घेतला. मग आम्ही तिसरी रील लावली.